नवे अल्बम, जुने कान

जबलपूरहून बोलतोय.

मागचे दोन भाग जीसीएफवर, म्हणजे आमच्या इथल्या गन कॅरेज फॅक्टरीवर झाले. १९०४ सालचा कारखाना. माझे वडील तिथे होते, म्हणून जरा लांबलंच. त्यावर बिलासपूरच्या एका ताईंचं पत्र आलं. त्या लिहितात, "कर्नलसाहेब, तुम्ही सगळं जुनंच सांगता. नवीन काही ऐकता-बघता की नाही?" ताई, ऐकतो. आज त्याचीच हजेरी देतो. गेल्या काही वर्षांत आलेले काही अल्बम, ज्यांत गळा मुख्य आणि वाद्यं मागे, ते मी पुनःपुन्हा ऐकतोय. त्यांतल्या दोनांबद्दल सविस्तर बोलायचंय, बाकीचे ओझरते.

आधी दोन गोष्टी. गाणी मी इथे वाजवणार नाही. मागे एकदा अर्ध्या मिनिटाचा तुकडा वाजवला, तर हक्कांच्या भानगडीत तो भाग आठवडाभर बंद राहिला. नावं सांगतो, तुम्ही शोधून ऐका. दुसरं म्हणजे मी गाण्यातला जाणकार नाही. मी सिग्नल्सचा माणूस. जबलपूरलाच सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे, नोकरीची पहिली काही वर्षं आणि शेवटची दोन वर्षं तिथेच गेली. उभं आयुष्य कानाला हेडसेट लावून गेलं. त्याचा प्रसाद म्हणून आता दोन्ही कानांत यंत्र आहे. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला तेव्हा चार हजार हर्ट्झच्या आसपास रेषा विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. तोफांच्या आणि यंत्रांच्या आवाजात राहिलेल्या माणसाचा कान बहुधा तिथेच आधी मरतो. नातू 'सात' म्हणाला की मला 'आत' ऐकू येतं. झांजा, चिपळ्या, व्हायोलिनच्या वरच्या सुरांचा नुसता किस होतो. खालच्या पट्टीतला, जवळून गायलेला आवाज मात्र अजून स्वच्छ येतो. त्यामुळे माझी आवड काही अंशी माझ्या कानांनीच ठरवलेली आहे, हे आधीच कबूल करतो.

आता सिग्नल्सवाल्याला आवाजाबद्दल काय कळतं ते सांगतो. टेलिफोनवर माणसाचा आवाज पुरा जात नाही. साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवतात, वरचं-खालचं कापून टाकतात. तरी तुम्ही 'हॅलो' ऐकताच आईला ओळखता की नाही? रेडिओवर तर खरखर, शिट्ट्या, दुसऱ्याच कुणाचं बोलणं, या सगळ्यातून तुमच्या माणसाचा आवाज वेचायचा असतो. तो घाबरलाय की दमलाय, हे शब्दांच्या आधी कळतं. आणि कधी हुकूम येतो, रेडिओ सायलेन्स. कुणीही बोलायचं नाही. पण ऐकणं चालूच ठेवायचं. रात्र रात्र. ज्यानं ते केलंय त्याला रिकामा रेडिओ किती भरलेला असतो ते माहीत आहे.

तर २०२१. मे महिन्यात माझी पत्नी गेली. त्या वर्षी मे महिन्यात कितीतरी घरांत तेच झालं, त्याबद्दल जास्त बोलत नाही. पावसाळ्यात धाकट्या मुलीनं पुण्याहून एक लिंक पाठवली आणि लिहिलं, "बाबा, रात्री झोप येत नसेल तर हे ऐका. आधी काही वाचू नका, नुसतं ऐका." अल्बमचं नाव 'व्हल्चर प्रिन्स'. म्हटलं, गिधाडांचा राजपुत्र! हे कसलं झोपेचं औषध? पण कानाची यंत्रं काढली, मोठे हेडफोन चढवले आणि अंधारात बसलो.

सात गाणी. बाई गातेय उर्दूत, एक गाणं इंग्रजीत. आवाज खालचा, जवळजवळ कुजबुजीच्या वर थोडासा. हरकती-मुरक्या नाहीतच म्हणा. मागे हार्प वाजतेय, कधी गिटार, कधी मोठ्या बासाचा एखादा खर्ज. तालवाद्य बहुतेक नाहीच, आलं तरी दबक्या पावलांनी येतं. दोन ओळींच्या मधे ती इतकी थांबते की पहिल्यांदा मला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. मला माझा रेडिओ सायलेन्स आठवला.

त्यात 'मोहब्बत' नावाची रचना आहे, सात मिनिटांच्या वर चालते. ती सुरू झाली आणि मी उठून बसलो, कारण ही गझल माझ्या ओळखीची. हफीज होशियारपुरींची निरोपाची गझल, मेहदी हसन साहेबांनी गायलेली. तरुणपणी सीमेवरच्या ठाण्यांवर रात्री पलीकडचं रेडिओ स्टेशन सहज लागायचं. ऐकायची परवानगी होती की नव्हती, ते आता विचारू नका. मेहदी साहेब गायचे तेव्हा ती गझल एखाद्या दरबारी माणसानं अदबीनं घेतलेला निरोप वाटायची. या बाईच्या तोंडी ती वेगळीच झाली. निघून गेलेल्या माणसाच्या रिकाम्या खोलीत उभं राहून कुणी बोलावं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं. गायिका अरूज आफताब. लहानपणीची काही वर्षं लाहोरला, मग अमेरिकेत शिक्षण, आता न्यूयॉर्कला राहते. हा अल्बम करत असताना तिचा धाकटा भाऊ माहेर गेला आणि अल्बम तिनं त्यालाच वाहिला आहे. 'माहेर' हे नाव वाचून मी क्षणभर अडखळलो. आपल्या कानांना तो शब्द काय आहे, तुम्ही जाणता.

लाहोर वाचल्यावर मी ते ऐकणं बंद केलं. खरं सांगतो. मुलीला एवढंच लिहिलं की ऐकलं, बरं आहे.

का बंद केलं ते सांगायला हवं. १९९९ च्या उन्हाळ्यात मी उत्तरेत होतो, मेजर होतो. आमच्या लोकांचं काम तुम्हाला सिनेमात दिसत नाही. तोफांचा मारा सुरू झाला की पहिली तुटते ती टेलिफोनची केबल. मग लाइनमन निघतो, खांद्यावर रीळ, हातात हँडसेट. केबल हातात धरून तुटकी जागा शोधत जातो, जोडतो, तिथूनच हँडसेट लावून एक्सचेंजला विचारतो, ऐकू येतंय का? आमचा एक मुलगा, तेवीस वर्षांचा, राजस्थानकडचा, असाच गेला. केबल जोडली, त्याचा आवाज आला. मी स्वतः होतो त्या बाजूला. स्वच्छ आवाज. "लाइन ठीक है, साब." लाइन पुढे दिवसभर ठीकच राहिली. तो परत आला नाही. त्याचा आवाज माझ्या कानात अजून त्या तीनशे ते चौतीसशे हर्ट्झमध्ये आहे.

त्यामुळे त्या बाजूच्या शोकाला माझ्या घरात जागा द्यायची की नाही, हा माझ्यापुरता पुस्तकी प्रश्न नव्हता. माझा एक कोर्समेट तर फोनवर चिडलाच, "तू आता त्यांची गाणी ऐकणार?" त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यानं जास्त गमावलंय.

आठ-दहा दिवस गेले. मग एका रात्री मी परत लावलं. काही विचार करून लावलं असं नाही. झोप येत नव्हती आणि घरात दुसरं काही ऐकवत नव्हतं. बाकी सगळ्या गाण्यांत फार गर्दी वाटायची. कुणीतरी सांत्वनाला येऊन अखंड बोलत बसावं तशी. ही बाई बोलायची आणि गप्प बसायची. एवढंच.

एक जमिनीवरची गोष्ट सांगतो. मेहदी हसन जन्मले राजस्थानात, झुंझुनू जिल्ह्यातल्या लूणा गावी. झुंझुनू म्हणजे फौजींचा जिल्हा. तिथली पोरं ग्रेनेडियर्समध्ये भरती होतात आणि ग्रेनेडियर्सचं केंद्र आमच्या जबलपूरला. आजही स्टेशनावर ट्रंक घेऊन उतरलेला रंगरूट दिसला की मी गाव विचारतो. झुंझुनू म्हणाला की चहा पाजतो. आणि होशियारपूर आज भारतातल्या पंजाबात आहे. गझल लिहिणाऱ्याच्या नावात इकडचं गाव, गाणाऱ्याचा जन्म इकडचा. नकाशावर रेघ मारणं आमच्या धंद्यात फार सोपं असतं, चायनाग्राफ पेन्सिलनं मारता येते. असो.

२०२४ मध्ये तिचा पुढचा अल्बम आला, 'नाइट रेन'. हा मला पहिल्याइतका धरून ठेवत नाही. एका गाण्यात तिनं आवाजाला यंत्राचा मुलामा दिलाय, तो माझ्या यंत्रात आणखीच घोगरा होतो. पण त्यातल्या दोन रचनांचे शब्द महलका बाई चंदा यांचे आहेत, आणि या बाईंची ओळख आपल्या लोकांना असायलाच हवी. जन्म १७६८, आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. पुढे हैदराबादला निजामाच्या दरबारी मोठी कवयित्री आणि गायिका. तीरंदाजी, भालाफेक येत असे, निजामाबरोबर पुरुषी वेषात मोहिमांवरही गेल्या. गझलांचा स्वतःचा दिवाण असलेल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. मोहिमेवर गेलेली कवयित्री, आणि तिचे शब्द अडीचशे वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये गायले जातायत. मराठवाड्यातल्या मंडळींनी हे एकदा ऐकावं, बाकी काही नाही तरी गाववाली म्हणून.

बाकीचे झटपट सांगतो. 'शक्ती'चा 'धिस मोमेंट', २०२३ चा; त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. शंकर महादेवनचा गळा आहे, झाकीर हुसेन आहेत, जॉन मॅक्लॉफ्लिन आहेत. मोठी मंडळी, मोठं काम. पण माझ्या कानांना ती वेगाची परेड झेपत नाही. तिशीत ऐकला असता तर नाचलो असतो. गानव्या नावाची मुलगी आहे, न्यूयॉर्कला जन्मलेली, तमिळनाडूत वाढलेली. तिचा 'डॉटर ऑफ अ टेंपल' २०२४ मध्ये आला. ह्यूस्टनला पुष्कळ कलावंत गोळा करून सामूहिक विधीसारखं ध्वनिमुद्रण केलंय. तिचा एकटीचा आवाज सुरू झाला की मी थांबतो, समूह आला की माझं लक्ष उडतं. पुन्हा ऐकेन.

आता दुसरा मोठा अल्बम, आणि हा मराठी. 'मी वसंतराव'. तुम्ही म्हणाल, हा तर सिनेमा. हो, पण त्याची गाणी मी अल्बम म्हणूनच ऐकतो. संगीत आणि मुख्य गळा राहुल देशपांड्यांचा, आजोबांची भूमिकाही त्यांनीच केलीय, दिग्दर्शन निपुण धर्माधिकारींचं. सिनेमा आला १ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. आणि 'मोहब्बत'ला ग्रॅमी मिळालं ते ३ एप्रिलला, आपल्याकडे ४ तारखेची सकाळ. एकाच आठवड्यात. पेपरात दोन्ही वाचलं तेव्हा यात काही नातं असेल असं मनातही आलं नाही.

इथे तो सिनेमा बघायची सोय नव्हती. मी गाडी काढली आणि नागपूरला गेलो. सिवनी, पेंच करत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. नागपूर म्हणजे पत्नीचं माहेर. मेहुणे बरोबर आले. ते गाण्यातले दर्दी, मला 'कर्नलसाहेब' म्हणतात पण गाण्याच्या बाबतीत शिपाईच समजतात.

पंडित वसंतराव देशपांडे मूळ विदर्भाचे, मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात वाढलेले. आम्हा फौजी लोकांना त्यांची एक गोष्ट विशेष जवळची. एवढा मोठा गवई, पण पोटासाठी त्यांनी वीसहून अधिक वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. आमचे भत्ते, प्रवासाची बिलं तपासणारं खातं! तिथून त्यांची बदली झाली थेट नेफाला, ईशान्येच्या डोंगरात. मी स्वतः तिथे राहिलोय. त्या पावसात कागदाला बुरशी येते, गळ्याचं काय होत असेल. पुढे नोकरी सोडली आणि १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' आलं, दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. त्यांनी केलेल्या खाँसाहेबांचं नाव आफताब हुसेन. हे मेहुण्यांनी आठवण करून दिलं तेव्हा मी हसलो. आफताब!

आणि मग लाहोर. तरुण वसंतराव मामांकडे लाहोरला गेले आणि तिथे उस्ताद असद अली खाँ यांनी त्यांना मारवा शिकवला. सांगितलं जातं की महिनोन्‌महिने फक्त मारवा. सिनेमात तो भाग सुरू झाला आणि मी खुर्चीत सावरून बसलो. ज्या गावाचं नाव वाचून मी हेडफोन काढून ठेवले होते, तिथूनच आमच्या विदर्भाच्या माणसानं मारवा आणला होता.

मारवा म्हणजे काय, ते मला परतीच्या वाटेवर नाही, तर इंटरव्हलमध्ये समोसे खाताना मेहुण्यांनी सांगितलं. मावळतीचा राग. पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि मुख्य म्हणजे षड्ज लवकर भेटत नाही. गाणारा षड्जाच्या अवतीभवती फिरतो, त्याला वळसा घालून रिषभावर, निषादावर जातो, घर दिसतं पण उंबरा ओलांडत नाही. ऐकणाऱ्याचा जीव त्या 'सा'साठी कासावीस होतो. मी म्हटलं, भाऊसाहेब, हे मला आधी का नाही कुणी सांगितलं? ते म्हणाले, "ताई गायची की घरात. तुम्ही ऐकलं कधी?"

ते रागानं म्हणाले नव्हते. पण खरं होतं. माझी पत्नी विशारद होती. लग्नात तंबोरा घेऊन आली. अठ्ठावीस वर्षांत सतरा घरं झाली. जोधपूरहून तेजपूरला सामान गेलं तेव्हा ट्रकमध्ये तंबोऱ्याचा भोपळा तडकला. मिरजेला पाठवून दुरुस्त करू म्हणालो. प्रत्येक रजेत म्हणालो. ती सकाळी ओट्याशी काहीतरी गुणगुणायची तेव्हा मी बातम्या लावायचो. मी पगार घेऊन दुसऱ्यांचे आवाज ऐकणारा माणूस. खरखरीतून कुणाचाही आवाज वेचू शकायचो.

राहुल देशपांड्यांच्या गाण्याबद्दल दोन शब्द. त्यांना या कामासाठी पार्श्वगायनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यांचा जन्म १९७९ चा, आजोबा १९८३ मध्ये गेले. म्हणजे समोर बसून शिकणं नाहीच, जे आलं ते ध्वनिमुद्रणांतून आणि शिष्यांकडून. मला भीती होती की नक्कल ऐकावी लागेल. काही ठिकाणी आजोबांची ती वाकडी, अंगावर येणारी तान मुद्दाम तशीच घेतलीय, तिथे मला मुखवटा दिसतो. पण जिथे गाणं संथ होतं, तिथे नातू स्वतःच्या गळ्यानं गातो, आणि तो गळा मऊ आहे. आजोबा भांडत गायचे. हा शोधत गातो. अरूज आफताब जागा मोकळी सोडते, ही मंडळी जागा स्वरांनी भरून टाकतात. मी आता रात्री एक आणि संध्याकाळी दुसरं ऐकतो. नर्मदेवर ग्वारीघाटाला दिवे लागायच्या आधी गाडीत बसून मारवा ऐकून बघा.

नागपूरहून आल्यावर मी माळ्यावरची पेटी उतरवली. आमच्या काळी फील्डवर असलेल्या नवऱ्याला बायका कॅसेटवर पत्र पाठवायच्या. माझ्याकडे अशा सहा निघाल्या. दोन बुरशीनं गेल्या. एकीत, साल बहुतेक १९९१, ती घरभाडं, शाळेची फी, गॅसचा नंबर वगैरे सांगते, मोठीकडून पाढे म्हणवून घेते, आणि मग टेप बंद करायची राहून जाते. चाळीसेक सेकंद ती कामात गुणगुणतेय. मागे कुकरची शिट्टी.

मुलीनं पुण्यात ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिथल्या मुलानं विचारलं, काका, शिट्टी काढून टाकू का, स्वच्छ करून देतो. मी म्हटलं, राहू दे.

मेहुण्यांना ऐकवली आणि विचारलं, मारवा आहे ना? त्यांनी तीन वेळा ऐकलं. म्हणाले, "कर्नलसाहेब, पूरियाही असेल. स्वर तेच असतात दोन्हींचे. एवढ्याशा तुकड्यावरून सांगता येत नाही." मी जरा आग्रह धरला, पण ते बधले नाहीत. दर्दी माणसं खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा एक त्रास असतो.

असो. पुढच्या भागात मैहरला जाणार आहे. इथून फार लांब नाही. तिथे अल्लाउद्दीन खाँ साहेबांनी बंदुकीच्या नळ्या कापून नळतरंग बनवला, तो बघायचाय; तोफगाड्यांच्या गावच्या माणसानं बघायलाच हवा. आणि मिरज-सांगलीकडच्या मंडळींना एक विनंती. तडकलेल्या भोपळ्याचा तंबोरा रेल्वेनं आणायचा तर बांधणी कशी करावी, गवतात की गोधडीत, आणि उभा ठेवावा की आडवा, हे माहीत असेल त्यांनी जरूर लिहा. दिवाळीच्या आधी निघायचा विचार आहे.

नमस्कार.